खाडीच्या गाळातल्या जुन्या मचव्याची डिजिटल नोंद
आपल्या गावच्या खाडीत ओहोटीला उघड्या पडणाऱ्या जुन्या मचव्याच्या (शिडाच्या लाकडी होडीच्या) सांगाड्यावरून त्याचा मूळ आकार संगणकावर उभा करता येईल का, असे आपण विचारले आहे. करता येतो, मात्र नोंद लाकूड ओले असतानाच घ्यावी, कारण दीर्घकाळ चिखलात राहिलेले लाकूड वाळले की आक्रसते, पिळवटते आणि त्यावरून घेतलेली मापे फसवी ठरतात. शेजारी मोजपट्टी ठेवून, एकमेकांवर निम्म्याहून अधिक चढणारी छायाचित्रे सर्व बाजूंनी घेतल्यास त्यांतून त्रिमितीय प्रतिकृती तयार होते. खरे बारकावे मात्र एकेक फळी सुटी नोंदवल्यावरच हाती लागतात. वेल्समधील न्यूपोर्ट येथे २००२ मध्ये सापडलेल्या १५व्या शतकातील जहाजाची लाकडे अशीच नोंदवून, त्यांच्या एकदशांश मापाच्या नायलॉनच्या प्रती छापून त्या एकमेकींना जोडल्या गेल्या. आपल्या मचव्यात खिळ्यांची भोके, सांध्यांत ठासलेला कापूस आणि वाकसाचे (लाकूड तासण्याच्या हत्याराचे) घाव आधी टिपावेत. पठाण (तळाचा मुख्य कणा) आणि नाळ (पुढचे उभे टोक) यांमधला कोन मिळाला, तर माझ्या मते अर्धे काम झाले. सांगाडा (उत्साह कितीही असो) स्वतः उपसू नये, पुरातत्त्व विभागाला कळवावे.