एआयकडून अ‍ॅप बनवून घेतो, चालतंही, पण आतलं कळत नाही. मुळातलं शिकायला वेळ घालवावा का?

तुम्ही लिहिलंय की बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहात, एआयकडून बनवून घेतलेली अ‍ॅप चालतात, आणि मित्र म्हणतात की आता डेटाबेस वगैरे शिकत बसणं वाया आहे. मी इंदूरला तेरा वर्षं हेच काम करतो आणि आज माझा निम्म्याहून जास्त कोड एआयच लिहितं. तरी माझं उत्तर आहे, घालवा. का, ते एका प्रसंगातून सांगतो.

ओळखीच्या एका काकांचं राजवाड्याजवळ पोहे-जिलेबीचं दुकान आहे, पहाटे पाचला उघडतं. त्यांचा मुलगा रात्री सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गाडी लावतो. थंडीत गराडू (तळलेला कंद), एरवी साबुदाणा खिचडी, रात्री दोनपर्यंत. दोन्हीकडचा हिशेब एकत्र दिसावा म्हणून मी बिलिंगचं छोटं सॉफ्टवेअर करून दिलं. एका शनिवारी एआयकडून लिहून घेतलं, दुपारी तपासलं, आकडे बरोबर आले.

रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मोठी मिरवणूक, निघते तेव्हा राजवाड्यापाशी पाय ठेवायला जागा नसते. काकांनी दुकान बंद ठेवलं, गाडीही लागली नाही. दोन दिवसांनी फोन आला, "अरे, गेरच्या दिवशी कुलूप होतं आणि तुझ्या रिपोर्टात एकोणीस प्लेट पोहे कुणी खाल्ले?"

एआयला विचारलं तर ते म्हणालं, बिलं दोनदा नोंदली जात असतील. त्यावर उपायही लिहून दिला. एकोणीस तसेच राहिले. मग मी ती बिलं डेटाबेसमध्ये उघडून पाहिली. सगळ्यांची वेळ रात्री साडेअकरा ते बारा. तिथे ट्यूब पेटली. डेटाबेस वेळ यूटीसीत, म्हणजे जगभरच्या घड्याळांसाठी धरलेल्या प्रमाणवेळेत, ठेवत होता आणि आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे दुसऱ्या दिवशी पहाटे पाच ते साडेपाचची विक्री आदल्या तारखेला पडत होती. रोजच पडत होती, पण रोज अर्धा तास मागे जायचा आणि तेवढाच पुढून यायचा, म्हणून बेरजेत फारसं कळत नव्हतं. सुट्टीच्या दिवशी उघडं पडलं.

हे सांगितल्यावर एआयनं 'लोकलटाइम', म्हणजे कोड चालतो त्या मशीनची स्थानिक वेळ, वापरायला सांगितलं. लॅपटॉपवर चाललं, सर्व्हरवर नाही, कारण सर्व्हरचं घड्याळच यूटीसीवर होतं. मग साडेपाच तास थेट मिळवून घेतले. दोन रात्रींनी मुलाचा फोन, "दादा, बारानंतरची खिचडी उद्याच्या तारखेत जातेय." गाडीचा हिशेब आधी बरोबर येत होता तो निव्वळ योगायोगानं! यूटीसीची तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते, त्यामुळे सबंध रात्र एकाच दिवसात बसत होती.

शेवटी काकांनाच विचारलं, तुमचा दिवस कधी बदलतो? ते म्हणाले, "गाडी दोनला उठते, भट्टी साडेचारला पेटते. चार धर." पहाटे चार म्हणजे यूटीसीचे रात्रीचे साडेदहा. नोंदलेल्या वेळेत नव्वद मिनिटं मिळवायची आणि तारीख घ्यायची. ती एक ओळ एआयनं क्षणात लिहिली. पण नव्वद हा आकडा त्याच्याकडे येणार कुठून? तो काकांच्या भट्टीकडून आला, आणि वेळ आत कशी साठते हे ठाऊक होतं म्हणून मला काढता आला.

'वाइब कोडिंग', म्हणजे आतला कोड न बघता सगळं एआयवर सोपवणं, हा शब्द एआय संशोधक आंद्रे कार्पथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये वापरला, तेव्हा त्यांनी स्वतः ही पद्धत शनिवार-रविवारी करून टाकून द्यायच्या प्रयोगांसाठी बरी म्हटली होती. मित्रांना तेवढं जरूर सांगा. काकांचा गल्ला टाकून द्यायचा प्रयोग नसतो.

सगळं शिकायला बसू नका, दमाल. वेळ, आकडे आणि अक्षरं कॉम्प्युटर आत कशी ठेवतो. डेटाबेसमधलं टेबल, इंडेक्स आणि ट्रॅन्झॅक्शन. ब्राउझरमधून निघालेली मागणी सर्व्हरपर्यंत कशी जाते. मी एवढ्यापासून सुरुवात करीन. आणि एररचा मजकूर एआयला चिकटवण्याआधी स्वतः पूर्ण वाचायचा. ही सवय मला फार उशिरा लागली, तुम्ही आत्ताच लावा.

एआयनं कोड दिला की चालवण्याआधी उत्तर काय येईल ते कागदावर लिहायचं. चुकलं तर का चुकलं ते एआयलाच विचारा, समजावून सांगण्यात ते खरंच चांगलं आहे.

आज रात्रीच एक करून बघा. 'साबुदाणा खिचडी' आपल्याला सात अक्षरांची दिसते. पायथनला तिची लांबी विचारा, मग पहिले तेरा कॅरेक्टर छापायला सांगा. दोन्ही उत्तरं आधी कागदावर लिहा, आणि एआयची खिडकी तोवर बंद ठेवा.