फॅशनची डिग्री नसताना मेन्सवेअर डिझायनर होता येतं का?

येतं की. इटलीचा प्रसिद्ध फॅशन डिझायनर जॉर्जिओ अरमानी, त्याचंच बघा ना. हा माणूस आधी मिलानमध्ये डॉक्टरकी शिकत होता, ती अर्धवट सोडली, मग मिलिटरीत सक्तीची नोकरी आणि १९५७ ला ला रिनाशेंते नावाच्या मोठ्या दुकानात कामाला लागला. तिथे शोकेस सजवायच्या, मग पुरुषांच्या कपड्यांच्या सेक्शनमध्ये, म्हणजे गिऱ्हाईक काय हातात घेतं आणि काय परत ठेवतं ते रोज समोर दिसायचं (माझ्या मते खरं कॉलेज हेच).

१९६० च्या दशकात निनो चेरुती या डिझायनरकडे कामाला गेला. चेरुतींची स्वतःची कापडाची मिल होती, त्यामुळे कापड कसं पडतं, किती वजनाचं आहे हे सगळं तिथे हाताखालून गेलं. आणि तेव्हाचा कोट म्हणजे काय, आत बकरम (कडक कापड), खांद्याला पॅड, जाड अस्तर, घातला की माणूस पुठ्ठ्यासारखा ताठ. अरमानीने आतलं बरंचसं काढूनच टाकलं आणि कापड मऊ घेतलं, कोट शर्टासारखा अंगावर पडायला लागला.

स्वतःची कंपनी १९७५ मध्ये, पार्टनर सर्जिओ गालेओत्तीसोबत. तेव्हा वय ४१! १९८० ला 'अमेरिकन जिगोलो' या सिनेमात रिचर्ड गिअरने अरमानीचे कपडे घातले आणि अमेरिकेत नाव झालं.

तुम्हाला खरंच करायचं असेल तर आधी एखाद्या चांगल्या टेलरकडे सहा महिने बसा, एक जुना कोट उसवून बघा आत काय काय असतं ते, डिग्रीचं नंतर बघू.