गुडघ्यासाठी बीपीसी-१५७ चं मिक्स इंजेक्शन घ्यावं का?

कबड्डीत लिगामेंट दुखावलंय आणि लातूरचा जिमवाला बीपीसी-१५७, टीबी-५०० अन् तांबं असलेलं जीएचके-सीयू ही पेप्टाइडं (प्रथिनांसारख्या छोट्या साखळ्या) एकत्र टोचून घे म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. माझं ऐकाल तर नका घेऊ.

बीपीसी-१५७ ही १५ अमिनो आम्लांची साखळी. उंदरांच्या कंडरा तिनं लवकर सांधल्याचे प्रयोग आहेत, पण माणसांवरच्या चाचण्या अगदी मोजक्या. नव्या रक्तवाहिन्या फुटायला ती चालना देते, म्हणून कुणाला कर्करोग होऊन गेलेला असेल तर मला फारच धास्ती वाटते.

मागच्या मे महिन्यात नांदेडच्या एका पोरानं अशीच कुपी आमच्या मेडिकलवर आणली होती. तळाशी तांब्यामुळं निळी झालेली भुकटी, लेबलवर ‘फक्त संशोधनासाठी’, बॅच नंबरचा पत्ता नाही, अन् कुरिअरनं भर उन्हात आलेली. ती टोचायची म्हणजे काय टोचतोय हेच माहीत नाही!

जीएचके-सीयू क्रीममध्ये असतं, ते वरून लावायचं. टोचायची गोष्ट वेगळी. शिवाय स्पर्धा खेळत असाल तर बीपीसी-१५७ वर २०२२ पासून ‘वाडा’ची (खेळातल्या उत्तेजकांवर नजर ठेवणाऱ्या जागतिक संस्थेची) बंदी आहे. आधी लातूरच्याच सरकारी दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांना गुडघा दाखवा, ते म्हणाले तर एमआरआय काढा.