१० मिली ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) एचसीएलमध्ये (हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड) पाणी घालून १ लिटर केलं तर पीएच (अ‍ॅसिडपणाचं माप, कमी म्हणजे जास्त अ‍ॅसिड) किती येईल?

३ येईल, आधी १ होता. १०० पट पातळ झालं ना, आणि दर १० पटीला पीएच १ ने चढतो. एचसीएल स्ट्राँग अ‍ॅसिड, पाण्यात पूर्ण सुटून त्याचे आयन होतात, म्हणून हायड्रोजन आयन सरळ ०.१ × १० ÷ १००० = ०.००१ मोलर, त्याचा मायनस लॉग, म्हणजेच पीएच, ३. सोलापुरात बारावीच्या क्लासला हे शिकवतो, निम्मी पोरं पाणी डबल झालं की पीएचपण डबल करून मोकळी होतात, तसं नसतंय, दुप्पट पातळ केलं तर जेमतेम ०.३ ने वाढतो. फक्त लई पातळ झालं की पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन धरावे लागतात, ०.०००००००१ मोलरला २५ अंशावर उत्तर ८ नाही, ६.९८ येतं, अ‍ॅसिड कितीबी पातळ करा, ७ च्या वर जात नाही.