कोंबड्यांची देवी मुलांना होईल का?

प्रश्न: डॉक्टर, आमच्या तीन-चार कोंबड्यांच्या तुऱ्यावर न डोळ्यांभोवती फोड आलेत, एकीचा तर डोळाच उघडत नाहीये. सगळे म्हणतात देवी आलीये. घरात लहान मुलं आहेत, त्यांना होईल का? खपल्या काढून मलम लावू का?

उत्तर: ताई, मुलांचं टेन्शन आधी सोडा. हा फाउल पॉक्स, म्हणजे अ‍ॅव्हिपॉक्स गटातला व्हायरस. कबुतर, टर्की, कॅनरी, सगळ्यांचे पॉक्स याच गटातले आणि हा गट फक्त पक्ष्यांचा. माणसाच्या पेशीत शिरला तरी तिथे त्याची वाढ पूर्ण होत नाही, म्हणून तर शास्त्रज्ञ कॅनरीपॉक्सचा लशीसाठी वाहक (लशीतला घटक शरीरात पोचवणारा) म्हणून वापर करतात, थायलंडमध्ये एचआयव्हीच्या लशीची मोठी चाचणी झाली त्यातही तोच होता आणि तो सुरक्षित निघाला. मुलांच्या कांजिण्यांना चिकनपॉक्स म्हणतात खरं, पण त्यांचा व्हायरस तर वेगळ्याच घराण्यातला, हर्पिसचा. पण कोंबड्या फोड नसताना पटापट मरायला लागल्या, तुरे निळे पडले तर तो बर्ड फ्लू असू शकतो, मग हात न लावता लगेच सरकारी पशुवैद्यकांना कळवा.

खपल्या अजिबात काढू नका, कळकळीने सांगतेय. व्हायरस त्या खपलीतच असतो, वाळलेल्या खपलीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो, ओरबाडलं की रक्त येतं आणि तो सगळ्या खुराड्यात पसरतो. गळून पडलेल्या रोज गोळा करून जाळा. डोळा कोमट पाण्याने हलक्या हाताने पुसा, कारण दिसलं नाही तर कोंबडी दाणापाणीच सोडते आणि बऱ्याचदा मरते ती उपाशी राहूनच. चोच उघडून बघा, आत पिवळट चिकट थर असेल तर तो ओला प्रकार, श्वास अडकतो, तिला लगेच दाखवा. नुसते कातडीवरचे फोड तीन-चार आठवड्यांत आपोआप बरे होतात, व्हायरसवर औषध नाही, अँटिबायोटिक फक्त वर दुसरं इन्फेक्शन झालं तर आणि तेही विचारूनच.

आजारी कोंबड्या वेगळ्या ठेवा, डास आवरा, कारण हा डासांच्या सोंडेवरून एकीकडून दुसरीकडे जातो, साचलेलं पाणी काढा, खुराड्याला बारीक जाळी लावा. बाकीच्या निरोगी कोंबड्यांना आत्ताच लस द्या, उशीर झालेला नाही. पंखाच्या पातळ कातडीत दोन टोकांच्या सुईने टोचतात. ७ ते १० दिवसांनी तिथे बारीक गाठ किंवा खपली दिसली की लस लागली, काहीच दिसलं नाही तर परत टोचून घ्या.