टॅलेंडची परीक्षा: पीडीएफ बाजूला ठेवा, स्टुडिओ उघडा

तुमचा प्रश्न मला असा कळला: एसक्यूएलवर (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) दोन वर्षं काम झालंय, टॅलेंड (डेटा एकीकडून वाचून दुसरीकडे नेणारं सॉफ्टवेअर) तीन महिन्यांपूर्वी हातात आलं आणि ऑफिसने दीड महिन्यात डेटा इंटिग्रेशन डेव्हलपरचं सर्टिफिकेट काढायला सांगितलंय. मित्राने तीनशे प्रश्नांची पीडीएफ दिलीय, ती पाठ केली तर भागेल का?

नाही भागणार. असे फोडलेले प्रश्न वापरणं नियमात बसत नाही, हे तर आहेच. शिवाय त्यातली बरीच उत्तरं चुकीची असतात आणि आपण ती तशीच डोक्यात बसवून घेतो. मी नव्या मुलांना शिकवते तेव्हा एकच गोष्ट सांगते: स्टुडिओत (टॅलेंडचं काम करायचं ॲप) छोटा जॉब, म्हणजे डेटा वाचून पुढे लिहिणारा प्रोग्रॅम, बांधा, रन करण्याआधी किती ओळी येतील ते वहीत लिहा, मगच रन करा. अंदाज चुकला की समजायचं, आज काहीतरी नवं मिळालं.

आधी आवृत्तीचं बघून घ्या. टॅलेंड २०२३ मध्ये क्लिक (Qlik) या कंपनीकडे गेली आणि फुकटचा ओपन स्टुडिओ ३१ जानेवारी २०२४ ला बंद झाला. 'ओपन स्टुडिओ उतरवून सराव करा' असं सांगणारे जुने लेख आता फारसे कामाचे नाहीत. ऑफिसच्याच स्टुडिओत एक वेगळा प्रोजेक्ट मागून घ्या. परीक्षा कोणत्या आवृत्तीवर आहे तेही आजच तपासा.

तुम्ही एसक्यूएलमधून आलायत, म्हणून टीमॅप, म्हणजे दोन फाइली जोडणारा कंपोनंट (जॉबमधला एक ठोकळा), तुम्हाला हमखास फसवणार. एक प्रयोग करा. मुख्य फाइलमध्ये तीन ग्राहक. लुकअपमध्ये, म्हणजे जोडायच्या दुसऱ्या फाइलमध्ये, पत्ते: पहिल्या ग्राहकाचे दोन, आधी सातारा आणि खाली सांगली, दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा पत्ताच नाही. एसक्यूएलच्या लेफ्ट जॉइनने (न जुळलेली मुख्य ओळही ठेवणारा) चार ओळी आल्या असत्या. टीमॅपही लेफ्ट आउटर जॉइनच धरतो, पण ओळी येतात तीन, कारण 'युनिक मॅच' हे मूळ सेटिंग असतं. आणि पहिल्या ग्राहकासमोर सांगली दिसते. युनिक मॅच म्हणजे जुळणारी शेवटची ओळ! 'फर्स्ट मॅच' केलंत तर सातारा येईल, 'ऑल मॅचेस' केलंत तर चार ओळी. आता इनर जॉइन (फक्त जुळलेल्या ओळी ठेवणारा) करा आणि दुसऱ्या आउटपुटवर लुकअप रिजेक्ट, म्हणजे न जुळलेल्या ओळी, पकडा: युनिक मॅचला दोन ओळी इकडे, एक तिकडे. हे सगळं हाताने केलं की प्रश्न कसाही फिरवून विचारला तरी तुम्ही अडणार नाही. तिथेच स्कीमातल्या (रकान्यांच्या यादीतल्या) 'नलेबल'च्या, म्हणजे रकाना रिकामा चालेल का त्या, खुणेशीही खेळून बघा. लुकअपमधला आकड्यांचा रकाना नलेबल ठेवा, आउटपुटमधला ठेवू नका, की पत्ता नसलेल्या ग्राहकापाशी जॉब नल पॉइंटर एक्सेप्शनने कोसळतो. टॅलेंड शेवटी जावा कोडच तयार करतं, हे त्या क्षणी पटतं. कोडचा टॅब अधूनमधून उघडून वाचत जा.

दुसरी जागा ट्रिगरची, म्हणजे एक काम झालं की पुढचं सुरू करणाऱ्या जोडणीची. 'ऑन सबजॉब ओके' (कंपोनंटची अख्खी साखळी संपल्यावर) आणि 'ऑन कंपोनंट ओके' (तो एकच कंपोनंट संपल्यावर) यातला फरक मला प्रॉडक्शनने शिकवला. रात्री बिलांची फाइल बनवून दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करायचा जॉब होता. लॉगमध्ये एकही एरर नाही. सकाळी समोरच्या टीमचा फोन आला, शेवटची ओळ अर्ध्यात तुटलीय. आमच्याकडची मूळ फाइल उघडली तर ती पूर्ण. कॉपीचा ट्रिगर मी वाचणाऱ्या कंपोनंटवरून 'ऑन कंपोनंट ओके' असा जोडला होता. त्याचं वाचून संपलं की लगेच कॉपी सुरू होत होती. लिहिणाऱ्या कंपोनंटने फाइल अजून बंद केलेली नव्हती आणि शेवटचा तुकडा बफरमध्येच (तात्पुरत्या मेमरीत) होता. टेस्टिंगमध्ये आम्ही फक्त मूळ फाइल तपासली होती, कॉपी उघडलीच नव्हती. ट्रिगर 'ऑन सबजॉब ओके' केला आणि प्रश्न मिटला. हा जॉब तुम्ही मुद्दाम चुकीचा बांधून बघा.

ओळींची संख्या सांगणारं ग्लोबलमॅपमधलं (जॉबभर वापरता येणाऱ्या मूल्यांच्या साठ्यातलं) व्हेरिएबलही याच जातीचं आहे. ते कंपोनंट संपल्यावर भरतं. फ्लो चालू असताना वाचलंत तर नल मिळेल.

कॉन्टेक्स्ट व्हेरिएबल (बाहेरून बदलता येणारी मूल्यं), टीरनजॉबमधून चाइल्ड जॉबला (एका जॉबने चालवलेल्या दुसऱ्या जॉबला) ते पाठवणं, प्रीजॉब-पोस्टजॉब (सुरुवातीची आणि शेवटची कामं), लॉगकॅचर, डाय आणि वॉर्न (चुका पकडणं, जॉब थांबवणं, इशारा देणं) यांवर प्रत्येकी एक संध्याकाळ पुरे. ॲग्रीगेट, सॉर्ट, युनिकरो (गट करणं, क्रम लावणं, दुबार ओळी काढणं) तुम्हाला एसक्यूएलमुळे सोपेच जातील. डिलिमिटेड (चिन्हाने रकाने वेगळे केलेल्या) फाइलची मूळ सेटिंग्ज मात्र नीट बघा: सेपरेटर अर्धविराम असतो, हेडर शून्य आणि एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) आयएसओ-८८५९-१५. मराठी नावांची फाइल तशीच वाचलीत तर 'सुलभा'च्या जागी विचित्र चिन्हांची रांग येते. आपल्याकडे हे रोजचं आहे, म्हणून यूटीएफ-८ करायची सवय आत्ताच लावून घ्या.

दीड महिन्यातले पहिले चार आठवडे फक्त जॉब बांधा. नंतरच्या दोन आठवड्यांत अधिकृत डॉक्युमेंटेशनमधली त्या-त्या कंपोनंटची पानं वाचा. आधी वाचलीत तर काही लक्षात राहणार नाही, हाताखालून गेल्यावर वाचलीत तर प्रत्येक ओळ ओळखीची वाटेल.

पहिल्या आठवड्यात वहीतला अंदाज कुठे-कुठे चुकला ते मला कळवा. त्यावरून पुढे कशाला जास्त वेळ द्यायचा ते सांगते.