८ महिन्यांच्या बाळाला सर्दीनंतर छातीत घरघर होतेय, डॉक्टर ब्राँकिओलायटिस म्हणाले. हा बाळदमा आहे का?

नाही हो, लगेच दमा समजू नका. हे बहुतेक वेळा आरएसव्ही नावाच्या व्हायरसमुळे होतं, दोन वर्षांखालच्या बाळांना जास्त, फुफ्फुसातल्या एकदम बारीक नळ्या सुजतात त्यात कफ अडकतो आणि बाहेर येणारी हवा शिट्टीसारखी वाजते. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त असतो मग उतरतो, खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो. अँटिबायोटिकने व्हायरस जात नाही, आणि नेब्युलायझरच्या वाफेनेही यात सहसा फारसा फरक पडत नाही (तरी शेजारचे सांगतातच, वाफ द्या म्हणून!). दूध पाजायच्या आधी नाकात सलाईनचे थेंब टाका, थोडं थोडं पण वारंवार पाजा, घरात धूप, कॉइल, सिगरेट बंद. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको.

बाळ शांत असताना अंगावरचं झबलं वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. या वयात ५० किंवा जास्त भरले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बरगड्यांखाली खड्डा पडतोय, कण्हतंय, दूध निम्म्याहून कमी पितंय, लंगोट कोरडे राहतायत किंवा ओठ निळे दिसतायत तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सरळ हॉस्पिटल गाठा.